चिपळूणच्या ताईंना, मुलीच्या शाळेबद्दल

ताई,

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देते. नाही. न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेत मुलगी लागली म्हणजे पुढचं हार्वर्ड नाहीतर एमआयटी पक्कं, असं काही नसतं.

तुम्ही लिहिलंत की यजमानांना कंपनी एच-१बी वर न्यूयॉर्कला पाठवते आहे. मुलगी सातवीत आहे, पाचवीच्या स्कॉलरशिपला ती जिल्ह्याच्या यादीत होती. चिपळुणात राहिलात तरी दहावीनंतर तिला मुंबई-पुण्याला किंवा लातूर-कोट्याला धाडायचंच आहे, मग एकदम तिकडेच का नको? कोकण बोर्ड २०१२ मध्ये वेगळं झाल्यापासून निकालात पहिलं येतं आणि तरी आपली हुशार पोरं सोळाव्या वर्षी घर सोडतात, हे मलाही कळतं. आम्ही निघालो तेव्हा घरात हेच बोलणं चाललं होतं. माझं माहेर गुहागरजवळचं, सासर रत्नागिरी तालुक्यातलं, आंब्याची बाग आहे, आणि मुलगा तेव्हा सहावीत होता. म्हणून तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले. घर, बँक, विमा, व्हिसाचे फॉर्म हे सगळं तुम्हाला सरकारी साइटवर आणि यजमानांच्या एचआरकडे मिळेल, त्यात मी शिरत नाही.

परीक्षेचं सांगते. आपल्याकडे पडव्याच्या नाहीतर सांगेलीच्या नवोदयसाठी मुलं बसतात, तसंच हे. शहरात अशा नऊ शाळा आहेत. एक कलेची, तिथे ऑडिशन असते. बाकी आठ शाळांना फक्त एक पेपर, एसएचएसएटी. आठवीतल्या मुलांनी शरद ऋतूत द्यायचा, निम्मा भाग इंग्रजीचा, निम्मा गणिताचा, वेळ तीन तास. सुमारे २५ हजार मुलं बसतात आणि ४ हजारांच्या आसपास मुलांना जागा मिळते. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या त्यांतल्या तीन शाळांचे प्रवेश परीक्षेवरच द्यायचे, असा राज्याचा १९७१ चा कायदा आहे. २०१८ मध्ये शहराच्या महापौरांनी ती बंद करायचा प्रयत्न केला, पण कायदा राज्याचा असल्यामुळे जमलं नाही.

ही परीक्षा मला आवडते, मनापासून. माझा मुलगा इंग्रजी बोलताना अडखळायचा, पेपरला ते कळत नाही. जॅक्सन हाइट्स या वस्तीतल्या क्लासमध्ये त्याच्या शेजारी बसायची ती मुलं बांगलादेशी टॅक्सीवाल्यांची, रेस्टॉरंटमध्ये बारा-बारा तास राबणाऱ्या चिनी आईबापांची. स्टायव्हसंटमध्ये जवळजवळ निम्मी मुलं गरीब घरांतली असतात. ओळख लागत नाही, देणगी लागत नाही. पण २०१९ मध्ये त्याच शाळेच्या ८९५ जागांपैकी फक्त ७ कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या, हेही खरं आहे. आमच्या मंडळातल्या बायका ‘मेरिट आहे मेरिट’ म्हणून विषय संपवतात, मला तसा तो संपवता येत नाही. त्या मुलांच्या शाळांत आठवीपर्यंत गणित कसं शिकवतात ते मी पाहिलंय, कारण माझा मुलगा तशाच एका शाळेत होता.

आणि इथेच ते सलणारं. शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरून घेतात, घरी कुठली भाषा बोलता. मी मराठी लिहिलं. मग मुलाची इंग्रजीची चाचणी झाली आणि त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. तिथवर ठीक. पण गणितालाही खालच्या गटात! त्याचं जिल्हा परिषद शाळेचं प्रगतिपुस्तक मी नोटरीकडून भाषांतर करून नेलं होतं. आकारिक, संकलित, शेवटी श्रेणी, अ-१, अ-२. ऑफिसातल्या बाईंनी ते उलटंसुलटं केलं, ‘यात मार्क कुठे आहेत?’ म्हणाल्या आणि फाइलमध्ये सारून दिलं. गुरुजींनी पाचवीत घोटून घेतलेले अपूर्णांक तो त्या वर्गात वर्षभर पुन्हा करत बसला. संध्याकाळी घरी येऊन काही बोलायचा नाही, वही उघडून नुसता बसायचा. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो.

म्हणून ताई, श्रेणीबरोबर प्रत्येक विषयाचे आकडी गुण मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. त्या आठ शाळा सोडल्या तर शहरातल्या बाकीच्या चांगल्या शाळा सातवीचेच गुण बघतात, आणि तुमची मुलगी नेमकी सातवीत आहे. दुसरं, लसीकरणाचं कार्ड. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं काही हाती लागलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. दवाखान्याच्या नोंदवहीतून तारखा काढता आल्या तर आत्ताच काढा. डोस दिला होता या तुमच्या शब्दाला तिथे किंमत नाही, तारीख लागते. तारीख नसेल तर पोरीला सुया पुन्हा टोचतात.

आता कॉलेज. इथे सगळं उलटं होतं. शाळेत जायला एक पेपर पुरला, कॉलेजला पेपर पुरत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये सॅट, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, परत सक्तीची केली, पण ती नुसती दारापर्यंत नेते. पुढे चार वर्षांचे गुण, शिक्षकांची पत्रं, सल्लागाराचं पत्र, सुट्टीत काय केलं, आणि निबंध. शिवाय या शाळांत सगळीच पोरं गणितात पक्की असतात. एकाच कॉलेजला एकाच वर्गातली डझनावारी मुलं अर्ज करतात आणि एकमेकांशेजारी ठेवूनच वाचली जातात. जोशुआ अँग्रिस्ट यांनी (यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आपल्या सहकाऱ्यांबरोबर बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या या शाळांचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम आत गेलेली मुलं आणि जेमतेम बाहेर राहिलेली मुलं यांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत त्यांना जवळजवळ फरक सापडला नाही. न्यूयॉर्कच्या शाळांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात कॉलेजच्या बाबतीतही तसंच दिसलं. हे मला मुलगा आत गेल्यावर वाचायला मिळालं.

व्हिसाचं मी बोलणार नव्हते, पण एक गोष्ट एचआर सांगत नाही. तुमची मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल. तिला काम करता येणार नाही, सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार नाही. सोळाव्या वर्षी वर्गातली मुलं उन्हाळ्यात प्रयोगशाळेत पगारी उमेदवारी करतात, आइस्क्रीमच्या दुकानात उभी राहतात, आणि अर्जात ते सगळं लिहितात. माझ्या मुलाला एका प्रयोगशाळेत घेतलं होतं. कागद मागितले तेव्हा ते बारगळलं. मग तो वाचनालयात फुकट पुस्तकं लावायला जाऊ लागला. कॉलेजच्या अर्जात इथेच शिकलेलं पोर बऱ्याच ठिकाणी ‘आंतरराष्ट्रीय’ ठरतं आणि केंद्र सरकारची मदत त्याला मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश ठरवतात, बाकीची बहुतेक बघतात. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग त्याआधी बहुतेकदा संपत नाही.

न्यूयॉर्क राज्याचा एक नियम मात्र चांगला आहे. तिथल्या हायस्कुलात दोन वर्षं शिकून तिथूनच पास झालं तर सरकारी विद्यापीठांत एच-४ च्या मुलालाही स्थानिकांची फी लागते, वर्षाला ७ हजार डॉलरच्या आसपास. खासगी कॉलेजांचा राहण्याखाण्यासकट खर्च ८० हजारांच्या वर जातो. आमचं त्या नियमावर निभावलं. मुलगा सरकारी विद्यापीठात आहे आणि छान शिकतो आहे.

तरी त्या निबंधाचं सांगितल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नाही. अर्जाचा मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो. मुलाने आजोबांच्या बागेवर लिहिला होता. आजोबा झेल्याने फळ उतरवतात, हातात धरून चौदा आणे झालंय की नाही ते सांगतात, पण आत साका (गरातला पांढरट, खराब भाग) आहे का हे त्यांनाही कापल्याशिवाय कळत नाही. तरी पेटीवर ते स्वतःचं नाव घालतात. जे दिसत नाही त्याची हमी माणूस कशी देतो, असा त्याचा विषय होता. इतकं चांगलं त्याने त्याआधी काही लिहिलं नव्हतं. शाळेच्या सल्लागार बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, सुंदर आहे, पण यात तुला काय सोसावं लागलं ते कुठे आहे? बाई वाईट नव्हत्या, त्यांच्याकडे शेकड्यांनी मुलं. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशावरून प्रवेश देणं बंद केलं, पण मुलाने स्वतःचा अनुभव लिहिला तर तो वाचायला मोकळीक ठेवली. तेव्हापासून आमच्या शाळेत जो तो निबंधात अनुभव शोधत होता. मुलाने मग त्या इंग्रजीच्या वर्गाबद्दल लिहिलं. सगळं खरं होतं आणि ते त्याला कुणाला सांगायचं नव्हतं. मार्चअखेर निकाल लागले. नकार, नकार, एक प्रतीक्षा यादी.

सासरे वाडीत सगळ्यांना सांगून बसलेत की नातवाने आमच्या बागेवर अमेरिकेत लिहिलं. फोनवर म्हणतात, ‘वाचून दाखव रे एकदा.’ तो वाचून दाखवतो, पहिला निबंध. कॉलेजांना तो गेलाच नाही हे त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. मला ते सांगावंसं वाटतं आणि वाटतही नाही.

एकटेपणाचं तुम्ही दोनदा विचारलंत. असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात, मंडळाचा गणपती बसतो, चालून जातं. मला त्याहून जास्त लागलं ते वेळापत्रक. तिथली शाळा जूनअखेरपर्यंत चालते, मोठ्या परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे मुलं इकडे येतात तेव्हा आगोट, पावसाळ्याचं तोंड, उलटून गेलेली, बागेत एक फळ नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडते, म्हणजे गणपतीही बहुतेकदा हुकतात. शिमगा तर सोडाच. माझ्या मुलाने गेल्यापासून झाडावरचा पिकता आंबा पाहिलेला नाही.

जायचंच असेल तर नोकरीसाठी जा, चांगली असेल तर जरूर जा. तिच्या कॉलेजसाठी म्हणून जाऊ नका, कारण मग प्रत्येक निकाल तिच्या डोक्यावर बसतो. तिला तसं कोणी बोलून दाखवायची गरजही पडत नाही, मुलांना कळतं. ग्रीन कार्डाचं काम कंपनी कधी सुरू करणार ते सही करण्याआधी लेखी मागा. परीक्षा द्यायची तर आठवी सुरू व्हायच्या आत शहरात राहायला पोचा. आठवीत हुकली तर नववीत असताना दहावीच्या जागांसाठी बसता येतं, पण जागा मोजक्या असतात.

मी मेअखेर घरी येते आहे, एकटीच. गुहागरला जाताना चिपळूणला उतरेन तेव्हा फोन करते, गुणांचं पत्र तयार असेल तर दाखवा. आणि ताई, एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं काय ते तुम्ही एका ओळीतही लिहिलं नाहीत. तिलाही घेऊन या.