वाचकांचे प्रश्न : ओरखडा घरी मिटवावा की गॅरेजात?

प्रश्न : माझी चंदेरी हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. पार्किंगमध्ये कोणीतरी डाव्या बाजूच्या मागच्या दारावर हातभर ओरखडा काढला आहे, आणि त्याच बाजूला चाकावरच्या कमानीत रंगाला दोन-तीन फुगे आले आहेत. डेंटिंग-पेंटिंगवाला दोन पॅनेलचे मिळून ८,५०० रुपये सांगतो. मेव्हणे म्हणतात, स्प्रेचे तीन डबे आणि एक रविवार पुरे आहे. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ओरखडा आणि फुगे ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे त्यांचा निर्णयही वेगवेगळा घ्यावा लागेल.

आधी ओरखडा पाहू. कारखान्यात दिलेल्या रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी भरते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, चाळीसेक मायक्रॉनचा असतो. ओरखड्यावर ओले बोट फिरवावे. पाणी असेपर्यंत तो दिसेनासा झाला आणि नखही त्यात अडकले नाही, तर इजा क्लिअर कोटपुरतीच आहे. रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) आणि मऊ कापड घेऊन ती घरी अर्ध्या तासात जाते, मात्र एकाच जागी वारंवार घासू नये, कारण घासताना तोच पातळ थर कमी होत असतो. नख अडकले आणि तळाशी करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, किंवा चकचकीत पत्रा दिसला, तर कंपाउंडचा उपयोग नाही. अशा वेळी गाडीवरच्या स्टिकरवरील रंगाचा कोड पाहून टच-अपची लहान बाटली आणावी आणि काडीच्या टोकाने, ओरखड्याच्या चरीतच, पातळ थर एकेक दिवसाच्या अंतराने भरावेत. जवळून पाहिल्यास रेघ दिसेल, पण पत्रा झाकला जाईल, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा झाकणे हेच पहिले काम आहे.

मेव्हण्यांच्या योजनेप्रमाणे अख्खे दार घरी रंगवणे मात्र टाळावे, आणि त्यातही चंदेरी रंगाचे तर नक्कीच टाळावे. या रंगातले धातूचे बारीक कण हवेचा दाब, रंग फवारायच्या बंदुकीचे अंतर आणि थराचा ओलसरपणा यांप्रमाणे आडवे-तिरपे बसतात, त्यामुळे कोड बरोबर असूनही दार एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळपट दिसते. मुरलेला रंगारी यावर उपाय म्हणून शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेतो आणि मग दोन्हींवर क्लिअर कोट मारतो. आपण पैसे मोजतो ते प्रामुख्याने या हाताचे आणि धूळ नसलेल्या बंद जागेचे. रंगाचा वाटा त्यात त्या मानाने थोडा असतो.

हे मी पदरमोड करून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ऐन जुलैत मी एक सुटे मडगार्ड रंगवले. सकाळी पाहतो तर क्लिअर कोटवर दुधाळ साय धरली होती, कारण रंग पातळ ठेवणारे सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते. त्या सायीत एक चिलटही कायमचे मुक्कामाला आले होते. ते सगळे घासून काढण्यात पुढचे दोन रविवार गेले. शिवाय हार्डनरवाल्या, म्हणजे थर कडक करणारे रसायन मिसळलेल्या, क्लिअर कोटच्या डब्यात आयसोसायनेट असते. त्याने दमा उद्भवू शकतो आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही. जिथे मुले सायकली फिरवतात, त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा उद्योग करू नये.

आता फुगे. माझ्या मते आपली खरी अडचण हीच आहे. कमानीच्या आतल्या दुमडीत चिखल साचतो, ओल धरतो आणि गंज बहुधा आतून बाहेर येतो. म्हणजे फुगा दिसेपर्यंत आतले नुकसान पुढे गेलेले असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून पाहावे. पत्रा खचला, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल आणि ते काम गॅरेजचेच आहे. गंजावरच पुट्टी ओढून रंग मारणारेही भेटतील. पुट्टी ओल शोषते, त्यामुळे तसे काम एखाद्या पावसाळ्यात पुन्हा फुगते. म्हणून गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासल्यावर आणि एपॉक्सी प्रायमर लागल्यावर, असे दोनदा काम दाखवा, हे दर ठरवतानाच सांगावे. दाराचे हँडल आणि काचेकडेची रबरी पट्टी (बीडिंग) काढून रंगवणार की नुसती मास्किंग टेप लावणार, आणि रंग हार्डनरचा की हार्डनरशिवाय वाळणाऱ्या साध्या लॅकरचा, हेही तेव्हाच विचारावे. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, ट्यूबलाइटखाली नव्हे.

प्रश्न : घोडबंदर रोडवर रिक्षा घासून गेल्याने मागच्या बंपरचा रंग निघाला. गॅरेजवाला ४,००० रुपये मागतो. विम्याचा दावा करावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा करू नये. सलग पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या विमा हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, मिळते. दावा केला की नूतनीकरणाला हा बोनस शून्यावर येतो आणि पुढच्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून पुन्हा चढू लागतो. हा हप्ता सूट वजा करण्याआधी ८,००० रुपये धरला, तर पहिल्या वर्षी ४,००० आणि दुसऱ्या वर्षी २,४०० रुपये जादा जातील. त्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातले पहिले १,००० रुपये आपणच भरायचे असतात. बंपर प्लास्टिकचा आहे, तो गंजणार नाही, तेव्हा घाईही नाही. स्वतः रंगवायचाच असेल तर हा भाग शिकायला बरा, फक्त प्लास्टिकसाठीचा प्रायमर आधी लावावा, नाहीतर रंगाची पापुद्र्यासारखी साले निघतात. रंगच बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि ती आरटीओकडून बदलून घ्यावी लागते.

प्रश्न : दुरुस्तीची कोणती कामे घरी करावीत? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : वायपरची पाती, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर आणि बल्ब एवढी कामे निःशंक करावीत. ब्रेक आणि एअरबॅगला हात लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. ऑइल बदलण्यात बचत थोडी होते आणि काढलेले काळे तेल गटारात ओतता येत नाही, म्हणून ते काम गॅरेजलाच द्यावे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने ती साफ करावी. मात्र निगेटिव्हची तार आधी काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी.