'समांतर संगणन' आणि एकाच नावाखाली आलेली दोन शास्त्रं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रास्ताविक पाठाचं मराठी करताना 'पॅरलल कम्प्युटिंग'ला, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांनी (आकडेमोड करणाऱ्या चिपनी) वाटून एकाच वेळी करण्याला, 'समांतर संगणन' म्हटलं. पण समांतर रेषा कधीच भेटत नाहीत आणि इथले प्रोसेसर तर सतत एकमेकांशी बोलत असतात, मग शब्द चुकला का? शिवाय 'कम्प्युटर सायन्स' आणि 'कम्प्युटेशनल सायन्स' या दोन्हींना 'संगणक विज्ञान' म्हटल्यामुळे एक वाक्य असं उतरलं आहे: 'समांतर संगणन ही संगणक विज्ञानाची शाखा असून तिचा सर्वाधिक उपयोग संगणक विज्ञानात होतो.' याचं काय करावं?

आधी 'समांतर'. शब्द चुकलेला नाही, तो बिनधास्त ठेवा. अडचण होते ती आपण त्याचा अर्थ भूमितीच्या तासातून उचलतो म्हणून. सम आणि अंतर, म्हणजे कायम सारख्याच अंतरावर राहणारं. मूळ ग्रीक शब्दात भर 'एकमेकांच्या शेजारी' असण्यावर आहे, आपल्या शब्दात तो मधल्या अंतरावर आला. पण मराठीने हा शब्द भूमितीपुरता ठेवलाच नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारला आपण समांतर सरकार म्हणतो. स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीतलं 'समांतर आरक्षण' तर सामाजिक आरक्षणाच्या उभ्या रकान्यांना आडवं छेदून जातं, तरीही ते समांतरच.

संगणनातला 'समांतर' हा शाळेतल्या विजेच्या धड्याशी जुळतो. विद्युतरोधांची एकसर जोडणी आणि समांतर जोडणी आठवा. समांतर जोडणीत प्रवाह एका बिंदूपाशी फुटतो, वेगवेगळ्या फांद्यांतून एकाच वेळी वाहतो आणि पुढच्या बिंदूपाशी पुन्हा एक होतो. समांतर संगणनाचा अगदी साधा नमुना हाच: काम फोडायचं, तुकडे एकाच वेळी करायचे, उत्तरं पुन्हा जोडायची. त्यामुळे भाषांतरात एक ओळ जास्तीची घालायचीच झाली तर रेषांची नको, जोडणीची घाला. उलट बाजूच्या 'सीरियल'साठी मी मात्र 'एकसर' घेणार नाही. शाळा सुटली की तो शब्द कोणाच्या तोंडी राहत नाही. 'क्रमवार संगणन' म्हटलं की कोणालाही कळतं.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे, कारण या विषयातली सगळी मेहनत त्या भेटीगाठींतच आहे. हवामानाच्या अंदाजाचं उदाहरण घेतो. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करता करता हाताने आकडेमोड करून सहा तासांचं हवामान काढून पाहिलं. त्यासाठी त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तर पार चुकलं. १९२२ साली त्याने हे सगळं पुस्तकात छापलं आणि त्यात एक कल्पनाचित्र रंगवलं: गोल नाट्यगृहासारखं प्रचंड दालन, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि त्यात बसून आपापल्या प्रदेशाची आकडेमोड करणारे ६४,००० 'कम्प्युटर'. म्हणजे माणसं. त्या काळी या शब्दाचा अर्थच हिशेब करणारा माणूस असा होता. आपला 'संगणक'ही लेखक, गायक, शिक्षक यांच्यासारखा, काम करणारा कोण ते सांगणारा शब्द आहे, म्हणून तो त्या दालनात चपखल बसतो. दालनाच्या मधोमध एका उंच खांबावर एक मुख्य माणूस उभा. जो प्रदेश इतरांच्या पुढे गेला त्याच्यावर तो गुलाबी प्रकाशाचा झोत टाकतो, जो मागे पडला त्याच्यावर निळा. समांतर संगणनाची कळीची अडचण रिचर्डसनला यंत्र जन्मायच्या आधीच उमगली होती: सगळ्यांना एकाच पावलावर ठेवायचं कसं?

आज तेच दालन पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे, फक्त माणसांच्या जागी यंत्रं आहेत. २०१८ साली तिथे 'प्रत्युष' हा महासंगणक आला, २०२४ साली 'अर्क'. अंदाजासाठी पृथ्वीवर कल्पनेने चौकोनांची जाळी आखतात आणि प्रत्येक चौकोनाचं हवामान वेगळं काढतात. जागतिक अंदाजाच्या जाळीतला एक चौकोन आधी सुमारे १२ किलोमीटरचा होता, २०२५ साली सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. ऐकायला निम्माच फरक वाटतो, पण ढोबळ हिशेब करून पाहा. पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. १२ किलोमीटरच्या जाळीत त्याचे सुमारे ३५ लाख चौकोन होतात, ६ किलोमीटरच्या जाळीत सुमारे १ कोटी ४२ लाख. चौकोन चौपट झाले. त्यात भर म्हणजे चौकोन लहान झाला की वेळेचं पाऊलही, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा काळही, लहान ठेवावा लागतो, नाहीतर गणित बिघडून आकडे वेडेवाकडे होतात. म्हणजे पावलं दुप्पट. एकूण काम आठपट, आणि अंदाज तर पाऊस पडायच्या आधीच हाती यायला हवा. एका प्रोसेसरचा वेग तर २००५ च्या सुमारास तापण्यामुळे अडला तो पूर्वीसारखा वाढलाच नाही. मग काम वाटून घेण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

वाटणी कशी होते ते जवळून पाहू. एका प्रोसेसरकडे १०० गुणिले १०० चौकोनांचा तुकडा दिला. त्याच्या पोटात १०,००० चौकोन. पण कडेच्या चौकोनात पुढच्या क्षणी वारा किती असेल हे शेजारच्या तुकड्यातल्या वाऱ्यावर ठरतं. म्हणून प्रत्येक पावलानंतर चारही शेजाऱ्यांकडून कडेची एकेक ओळ मागवावी लागते, एकूण ४०० चौकोनांची माहिती. कामाच्या मानाने देवाणघेवाण ४ टक्के. आता प्रोसेसर शंभरपट वाढवले आणि तुकडा १० गुणिले १० चा केला. पोटात १०० चौकोन, मागवायचे ४०. देवाणघेवाण थेट ४० टक्क्यांवर! प्रोसेसर वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर ते हिशेब कमी आणि निरोपानिरोपी जास्त करतात. या विषयातले बरेचसे कष्ट ही निरोपानिरोपी आटोक्यात ठेवण्यात जातात. १९९४ साली ठरलेलं 'एमपीआय' (मेसेज पासिंग इंटरफेस) हे मानक मुळात निरोप कसे पाठवायचे याचंच आहे.

दुसरी मर्यादा जीन अॅमडाल या अमेरिकी संगणक-रचनाकाराने १९६७ साली दाखवली. १०० मिनिटांच्या कामातली ५ मिनिटं क्रमवारच करावी लागत असतील, तर उरलेल्या ९५ मिनिटांसाठी हजार प्रोसेसर लावा, लाख लावा, ती ५ मिनिटं उरतातच. वेग वीसपटीच्या पुढे जाणार नाही.

इथे 'समांतर' आणि 'समवर्ती' यांची गल्लत टाळा. 'कन्करंट'साठी राज्यघटनेच्या समवर्ती सूचीमुळे आपल्याकडे तयार शब्द आहे. एका शेगडीवर कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत दुसरीवर फोडणी देणारी एकटी व्यक्ती समवर्ती काम करते. दोघं जण दोन शेगड्यांवर उभे राहिले की ते समांतर. 'डिस्ट्रिब्युटेड'साठी 'वितरित' पुरेसा आहे. कोअर, नोड, थ्रेड, क्लस्टर हे शब्द मात्र तसेच राहू द्या. पुण्याच्या प्रयोगशाळांत मराठी मुलंमुली 'जॉब टाकलाय, क्यूत आहे' असंच म्हणतात, आणि ते मराठीच आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे शब्दासोबत अर्थही बुडाला आहे. 'कम्प्युटर सायन्स'चा अभ्यासविषयच संगणन आहे: अल्गोरिदम, प्रोग्रॅमिंगच्या भाषा, ऑपरेटिंग सिस्टिम. 'कम्प्युटेशनल सायन्स'मध्ये अभ्यासविषय वेगळाच असतो, मोसमी वारे असतील, प्रथिनाची घडी असेल, दोन आकाशगंगांची टक्कर असेल. संगणन तिथे पद्धत म्हणून येतं, प्रयोग आणि सिद्धांत यांच्या बरोबरीने. १९९८ साली वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना अशा संगणनाधारित पद्धतींसाठी नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. २०१३ साली मार्टिन कारप्लस, मायकल लेविट आणि एरिए वॉरशेल यांना रेणूंच्या प्रतिमानांसाठी (मॉडेलसाठी) मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच. विद्येचं घर कोणतं हे त्यावरून कळतं.

'संगणकीय विज्ञान' हा पर्याय अनेकदा दिसतो, मला तो पटत नाही. 'संगणकीय' म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्र येतं, आणि 'संगणक विज्ञान'पासून तो कानाला जेमतेम वेगळा लागतो. 'संगणनात्मक विज्ञान' घ्या. तो यंत्राकडून न येता क्रियेकडून येतो, आणि गुणात्मक, संख्यात्मक यांच्या पंगतीत बसतो. संगणनात्मक रसायनशास्त्र, संगणनात्मक जीवशास्त्र अशा शाखांची नावंही त्यातून सहज होतात. पहिल्यांदा येईल तिथे 'संगणनाच्या आधारे केलेलं विज्ञान' एवढं स्पष्टीकरण जोडा. आणि 'कम्प्युटर सायन्स'साठी महाविद्यालयांच्या पाट्यांवर रुळलेला 'संगणकशास्त्र' वापरा. एकीकडे शास्त्र, दुसरीकडे विज्ञान ठेवलं की वाचणाऱ्याची चूकही होणार नाही.

दोन्ही शास्त्रं कशी जुळतात ते आपल्या 'परम' या महासंगणकात दिसतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन-संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. एकच महाबलाढ्य प्रोसेसर बांधण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाच्या छोट्या चिप मोठ्या संख्येने जोडून तो केला होता. 'पॅरलल मशीन'ची अक्षरं घेऊन 'परम' हे नाव झालं, ही मला फार आवडलेली शब्दघडण आहे. यंत्राची जुळणी आणि त्याची प्रणाली हे संगणकशास्त्राचं काम, त्यावर हवामान किंवा रेणू चालवणं हे संगणनात्मक विज्ञानाचं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करेन: 'समांतर संगणनाची तंत्रं संगणकशास्त्रात घडतात आणि त्यांचा मोठा उपयोग संगणनात्मक विज्ञानात होतो.' 'सर्वाधिक' मी मुद्दाम काढला आहे. आज हजारो ग्राफिक्स प्रोसेसर एकत्र जुंपून कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमानं शिकवली जातात, तेव्हा तो दावा आता तसाच ठेवता येणार नाही. मूळ पाठ जुना असेल तर तिथे एक तळटीप द्या.