पुण्यातला फ्लॅट, न्यू जर्सीतली गाडी आणि दिवाळखोरीचा अर्ज

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांची पाच महिने गेलेली नोकरी आता परत मिळाली आहे, परंतु मधल्या काळात गाडीचे ६१० डॉलरचे तीन हप्ते थकले. २०२२च्या सुरुवातीला घेतलेल्या या गाडीचे २१,००० डॉलर कर्ज बाकी आहे आणि तिची आजची किंमत १४,००० डॉलर आहे. क्रेडिट कार्डांचे आणखी ८,००० डॉलर देणे आहे. कंपनीने गाडी उचलून नेण्याआधी दिवाळखोरीचा अर्ज करावा का, असे ते विचारतात. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये भावाबरोबर त्यांचा निम्मा हिस्सा आहे, सुमारे ६०,००० डॉलरचा, आणि तो ‘इथे कोणाला कळणार’, असेही त्यांनी लिहिले आहे.

आपली भीती खरी आहे. हप्ता चुकला की कर्ज देणारी कंपनी न्यायालयात न जाताही गाडी नेऊ शकते. फक्त तिच्या माणसांना धाकदपटशा करता येत नाही किंवा बंद गॅरेज फोडता येत नाही. अर्ज दाखल होताच ‘ऑटोमॅटिक स्टे’, म्हणजे वसुलीवरची आपोआप स्थगिती, लागू होतो आणि जवळजवळ सर्व वसुली जागीच थांबते, हेही खरे. मात्र तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये.

दिवाळखोरी कायद्याचे चॅप्टर ७, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा प्रकार, आपल्याला उपयोगाचे नाही. त्यात थकबाकी हप्त्याहप्त्याने फेडण्याची सोय नाही, कंपनी न्यायालयाकडे स्थगिती उठवण्याची मागणी करू शकते, आणि गाडी सोडवून घ्यायची तर तिची आजची किंमत एकरकमी भरावी लागते. शिवाय ट्रस्टी, म्हणजे धनकोंसाठी अर्जदाराची मालमत्ता पाहणारा नेमलेला अधिकारी, आपल्या फ्लॅटच्या हिश्शावर हक्क सांगू शकतो.

चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या योजनेतून थकबाकी फेडता येते. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीला अर्जाच्या दिवशी ९१० दिवसांहून अधिक काळ झाला असेल, तर तिचे कर्ज गाडीच्या किमतीपुरतेच तारण मानले जाते. आपल्याबाबतीत १४,००० डॉलर तारण कर्ज राहील आणि वरचे ७,००० क्रेडिट कार्डांच्या रांगेत जातील, जिथे अनेकांना थोडाच भाग फेडून सुटका मिळते. आपण बहुधा हेच ऐकले असावे. आपल्याला मात्र हा लाभ मिळणार नाही, आणि त्याचे कारण पुण्यात आहे.

अमेरिकेचा दिवाळखोरी कायदा अर्जदाराची मालमत्ता जगात कुठेही असली तरी हिशेबात धरतो. ती विकून धनकोंना जेवढे मिळाले असते, त्याहून कमी चॅप्टर १३च्या योजनेत देता येत नाही. आपला हिस्सा ६०,००० डॉलरचा आणि विनातारण देणे ७,००० अधिक ८,००० म्हणजे १५,००० डॉलरचे. कायद्याने मिळणाऱ्या सवलती वजा केल्या तरी ते देणे पूर्ण फेडावेच लागेल. मग हाती उरतो तो व्याजदरातला थोडाफार फायदा, आणि त्यासाठी ३१३ डॉलर न्यायालयीन शुल्क, वकिलाचे काही हजार डॉलर आणि क्रेडिट अहवालावरची अनेक वर्षांची नोंद. १,८३० डॉलरच्या थकबाकीसाठी हा सौदा मला महाग वाटतो.

फ्लॅट लपवण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. अर्जातील माहिती शपथेवर असते, मालमत्ता दडवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा फेडरल गुन्हा आहे, आणि फ्लॅटचे भाडे येत असेल तर ते आपल्या अमेरिकी कर विवरणपत्रात असायलाच हवे. ट्रस्टी तीच विवरणपत्रे मागतो. आपल्या माणसांपैकी अनेकजण गावाकडची जमीन, आईबरोबरची मुदत ठेव यांना ‘इथली’ मालमत्ता मानत नाहीत, म्हणून हे इतके स्पष्ट लिहितो आहे.

तेव्हा याच आठवड्यात कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन करून नवीन नोकरीचे पत्र पाठवावे आणि तीन हप्ते कर्जाच्या शेवटी ढकलण्याची विनंती करावी. जे ठरेल ते लेखी घ्यावे, कारण फोनवरच्या आश्वासनाने टो ट्रक थांबत नाही. त्यांनी नकार दिला, तर भावाकडून २,००० डॉलर उसने घेऊन थकबाकी एकदम भरणे हा पुढचा उत्तम मार्ग आहे. भावाला संकोच न करता सांगावे.

दोन्ही मार्ग बंद झाले आणि गाडीवाचून नोकरीच जाणार असेल, तरच चॅप्टर १३कडे वळावे, आणि तेही गाडी जाण्याआधी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शिकागो शहर विरुद्ध फुल्टन या खटल्यात म्हटले की आधी उचललेली गाडी अर्जानंतर नुसती ताब्यात ठेवल्याने त्या स्थगितीचा भंग होत नाही. म्हणजे उशीर झाला तर गाडीसाठी वेगळी मागणी करत वाट पाहावी लागते. अर्जापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून पतसमुपदेशन (क्रेडिट काउन्सेलिंग) घेणे सक्तीचे आहे. ते आत्ताच उरकून ठेवावे; ते पुढचे १८० दिवस ग्राह्य धरले जाते.