उपासनेत सर्वांचा सहभाग : वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला लोक नेमाने येतात, पण गीते गायकवृंद गातो, शास्त्रवाचन म्हणजे बायबलचे वाचन ठरावीक दोघे करतात, प्रार्थना पाळकसाहेब करतात आणि बाकीचे नुसते बसून राहतात. वृद्ध आयाबायांना वाचता येत नाही आणि इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांना शास्त्राची जुनी मराठी कळत नाही. प्रोजेक्टर घ्यावा, अशी सूचना बैठकीत आली आहे. त्याने फरक पडेल का? — एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : प्रोजेक्टर जरूर घ्यावा, पण त्याने ज्यांना वाचता येते त्यांचीच सोय होईल. आपण ज्या आयाबायांविषयी लिहिले आहे, त्यांना पडद्यापेक्षा तोंडपाठ म्हणता येईल अशा ओळीची गरज आहे. बायबलमधले स्तोत्र १३६ उघडून पाहावे. त्याच्या २६ ओव्यांपैकी प्रत्येक ओवी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ या एकाच वाक्याने संपते. ज्यांच्या हाती पुस्तक नव्हते, अशा लोकांनाही हे स्तोत्र पहिल्याच खेपेला म्हणता येत होते. एकाने ओवीचा पूर्वार्ध वाचावा, उरलेले वाक्य सगळ्यांनी म्हणावे. पाच वर्षांच्या मुलालाही दुसऱ्या-तिसऱ्या ओवीपासून ते जमते.

ही रीत आपल्याकडे परकी नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीत गीते रचली, तीही सामान्य माणसाच्या ओठी बसावीत म्हणूनच. कीर्तनात बुवा पद गातात आणि श्रोते ध्रुवपद उचलून धरतात. ती सवय असलेल्या लोकांना आज आपण गायकवृंदाचे प्रेक्षक करून ठेवले, याचे मला मनापासून वाईट वाटते. गायकवृंद बंद करण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्याने कडवी गावीत, ध्रुवपद मंडळीकडे सोपवावे आणि त्या वेळी पेटी-तबल्याचा आवाज इतका खाली आणावा की लोकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा. उपासना सुरू होण्याआधी दहा मिनिटे नव्या गीताची चाल सर्वांना शिकवली, तर पुष्कळ काम होते.

नातवंडांसाठी सगळे शास्त्र सोप्या भाषेत बदलून घेण्याची घाई करू नये, कारण आजीच्या मनात रुजलेले शब्द काढून घेणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. वाचनापूर्वी वाचणाऱ्याने एक-दोन वाक्यांत प्रसंग सांगावा. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला, वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाचा दाखला वाचताना ‘यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत’ एवढे सांगितले, तरी जखमी माणसाजवळ थांबणारा शोमरोनी ऐकून मुले चमकतात. ते न सांगता वाचले, तर ती फक्त मदतीची एक गोष्ट राहते. वाचन आळीपाळीने द्यावे, पण आठवडाभर आधी द्यावे, म्हणजे घरी मोठ्याने सराव करता येईल. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या प्रार्थनेत आजारी, परगावी गेलेले, परीक्षेला बसलेले यांची नावे लोकांनी स्वतः उच्चारावीत आणि प्रत्येक नावानंतर सर्वांनी ‘प्रभो, ऐक’ म्हणावे.

न समजलेल्या प्रार्थनेला साधा माणूस ‘आमेन’ कसा म्हणेल, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात विचारले होते. रोमन कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६३ मध्ये, सर्व भाविकांचा समजून-उमजून सक्रिय सहभाग हे उपासनेच्या सुधारणेचे मुख्य उद्दिष्ट ठरवले. वसईत लॅटिन मिस्सेच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीच्या) जागी मराठी मिस्सा आली ती त्यानंतर. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा आहे, असे बैठकीत कोणी म्हटले, तर आपण ते मान्य करू नये.

प्रश्न : आमच्या मंडळीत एक कर्णबधिर तरुण जोडपे आहे. ते मागच्या बाकावर बसतात. त्यांच्यासाठी काय करता येईल? — एक भगिनी, जालना

उत्तर : आधी त्यांनाच विचारावे, कोणी खुणांची भाषा वापरतात, तर कोणी ओठांच्या हालचालींवरून समजून घेतात. भारतीय सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती मिळाल्यास तिला उपदेशकाच्या शेजारी, तोंडावर उजेड पडेल अशा जागी उभे करावे. पाठीशी खिडकी असली तर चेहरा आणि हात काळोखात जातात. गीते, वाचने आणि उपदेशाचे मुद्दे त्यांना शनिवारीच व्हॉट्सॲपवर पाठवावेत. पुढच्या बाकावर येण्याचे आमंत्रण द्यावे, पण आग्रह धरू नये. शास्त्रवाचनाच्या पाळीत त्यांचेही नाव असावे : त्यांनी खुणांनी वाचावे आणि सोबतच्या कोणी तेच मोठ्याने म्हणावे.