पणजोबा बसऱ्याला गेले, पण पलटणीत नव्हते

खेडच्या पणजोबांबद्दलची तुमची पोस्ट वाचली. पहिल्या महायुद्धात मुंबईहून बोटीनं बसऱ्याला (आजच्या इराकातलं बंदर) गेले, घरात एक पदक आहे, आणि जुन्या नोंदींचं कार्यालय म्हणतं 'पलटण सांगा, मगच शोधू'. आमच्या पणजोबांच्या वेळी हेच सगळं भोगलंय.

मी इतिहासकार नाही, पण माझं ठाम मत आहे की पलटण शोधूच नका.

ते कार्यालय (नाव घेत नाही) कसं चालतं सांगतो. अर्जात 'पलटण' रकाना. कोरा ठेवला की अर्ज परत. 'खलाशी' लिहिलं तर साहेबांनी लाल पेनानं गोल केलं, म्हणे हे नागरी, गोदीकडे विचारा. गोदीकडचे म्हणाले, हे लष्करी. मधल्या मधे आमचा टोलवाटोलवीचा चेंडू. पदक समोर ठेवलं होतं, कुणी उलटून पाहिलं नाही!

अहो, ती लढाई पलटणींइतकीच हमाल-खलाशांची होती. मुंबईत १९१४ सालीच अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) सुरू झालेली, आणि बसऱ्यात धड धक्का नाही. मोठी जहाजं नदीतच नांगर टाकून उभी, माल महेला नावाच्या शिडाच्या होड्यांत उतरवायचा. पुढे तैग्रिस नदीतून वर न्यायला उथळ तळाच्या आगबोटी हव्यात, त्या हिंदुस्थानातल्या नद्यांवरून मागवल्या. काही समुद्रातच बुडाल्या. तैग्रिसकाठच्या कूट गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा कुमक बसऱ्यात अडकलेली, कारण वर न्यायला पुरेशा बोटीच नव्हत्या. २९ एप्रिल १९१६ ला ती उपाशी फौज शरण गेली, त्यात तीन मराठा पलटणी. मग कुठे जाग आली आणि धक्के, रेल्वे, नदी-वाहतूक खातं उभं राहिलं. तिथे राबायला इथूनच माणसं गेली. ती पलटणीच्या यादीत कशी सापडणार?

आता पदक बघा. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल, तर रंग पाहा. लढणाऱ्या शिपायाला ते चांदीचं मिळे, मजूर-हमालांच्या तुकड्यांना काशाचं. (पंखवाली आकृती असलेलं पदक वेगळं, ते सगळ्यांचंच काशाचं, त्यावरून काही ठरवू नका.) मग कड तिरप्या उजेडात धरा, तिथे नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते. अर्जात तीच लिहायची.

आणि कृपा करून चिंचेनं घासू नका, आमच्या आत्यानं दिवाळीला घासघासून अर्धं नाव घालवलं. कडेचा फोटो इथे टाका, अक्षरं लावून बघू.