व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसाला भोक पडलं, म्हणजे डॉक्टरांची चूक झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरण्याचा गंभीर आजार) झालं, नऊ दिवस व्हेंटिलेटर, सातव्या दिवशी फुप्फुसातून हवा गळून छातीत नळी घालावी लागली. आई आता घरी आहे, पण "मशीनच्या दाबाने झालं" हे डॉक्टरांचं वाक्य तुमच्या डोक्यातून जात नाही.

मी भूलतज्ज्ञ, बरीच वर्षं आयसीयूत काम करतो. मशीन इजा करू शकतं, हे खरं आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर उलटं करतो, बाहेरून हवा ढकलतो. एआरडीएसमध्ये फुप्फुसाचा बराचसा भाग पाण्याने भरलेला, मिटलेला असतो. शेतात चार वाफ्यांपैकी तीन चिखलाने बुजलेत आणि मोटार मात्र पूर्वीइतकंच पाणी फेकतेय, असं समजा. सगळं पाणी उरलेल्या एका वाफ्यात जाणार आणि त्याचा बांध फुटणार. म्हणजे मार बसतो तो चांगल्या राहिलेल्या भागाला.

"दाब" हा शब्द मात्र अर्धवट आहे. सनई वाजवणारा तोंडात आणि छातीत केवढा दाब तयार करतो, तरी त्याचं फुप्फुस फुटत नाही, कारण बाहेरून छातीचे स्नायू आवळलेले असतात. फ्रान्समध्ये १९८८ साली उंदरांच्या छातीपोटाला पट्टा बांधून तेवढ्याच दाबाने हवा दिली. फुप्फुस ताणलं गेलं नाही आणि त्यात पाणीही भरलं नाही. इजा होते ती ताणाने. शिवाय मिटलेले वायुकोश दर श्वासाला उघडून पुन्हा मिटत राहिले की तेही घासले जातात. म्हणून श्वास सोडल्यावरही मशीन थोडा दाब टिकवून ठेवतं. त्याला आम्ही पीप म्हणतो.

आता टेपची गोष्ट. मी शिकत होतो तेव्हा रिवाज सोपा होता: नातेवाइकांना वजन विचारायचं आणि दहाने गुणायचं. ७८ किलोची बाई, म्हणजे एका श्वासाला ७८० मिली. पण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही, ते उंचीवर ठरतं. त्याच बाईची उंची १५० सेंटीमीटर असेल तर उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन येतं साधारण ४३ किलो, आणि आजच्या रिवाजाप्रमाणे सहाने गुणलं की २६० मिली. आम्ही तिला तिप्पट हवा देत होतो! आज आमच्याकडे प्रत्येक व्हेंटिलेटरच्या ट्रॉलीला शिंप्याची टेप बांधलेली आहे. झोपलेल्या पेशंटची टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजायची, मग बटणाला हात लावायचा. त्यानंतर श्वास क्षणभर रोखून धरणारं बटण दाबून आतला दाब बघायचा. तो पाण्याच्या ३० सेंटीमीटरच्या (हे दाब मोजायचं माप) आत हवा.

सहाचा आकडा अमेरिकेतल्या ८६१ पेशंटच्या अभ्यासातून पक्का झाला. तो २००० साली छापून आला. हिशेबाच्या वजनाच्या किलोमागे बारा मिली हवा दिलेल्या गटात जवळपास ४० टक्के माणसं दगावली, सहाच्या गटात ३१. तुमच्या प्रश्नासाठी त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची: हवा गळण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, दहा-अकरा टक्के. म्हणजे कमी हवा देऊनही भोकं पडलीच, कारण आजारानेच फुप्फुस जागोजागी कुजकं झालेलं असतं. माणसं वाचली ती न दिसणारी इजा टळल्यामुळे. अति ताणलेल्या फुप्फुसातून दाह रक्तात उतरतो आणि मग मूत्रपिंड, यकृत अशी एकेक इंद्रियं बसतात.

तेव्हा छातीतल्या नळीवरून चूक ठरवता येत नाही. गळलेली हवा शिरून गळ्याखालची कातडी बोटांखाली चुरचुरते, पापड चुरडल्यासारखी, एक्स-रेत काळी पट्टी दिसते, नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येतात. घरच्यांना हे बघवत नाही, मलाही आवडत नाही. पण सगळं नीट करूनही हे होतं, माझ्याही पेशंटला झालंय.

तरी शंका फिटत नसेल तर इनडोअर पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या नोंदींची, प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. आयसीयूच्या मोठ्या चार्टवर तीन गोष्टी बघा: उंची लिहिली आहे का, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला दिलेली हवा) किती आहे, प्लॅटो प्रेशर (श्वास रोखून बघितलेला तो आतला दाब) किती आहे. टायडल व्हॉल्यूम अडीचशे-तीनशेच्या घरात दिसला तर "एवढीशीच हवा दिली?" म्हणून दचकू नका. त्या दिवसांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला दिसेल, तोही बहुतेक वेळा जाणूनबुजून चालवून घेतलेला असतो. आईला रोज काही तास पालथं झोपवल्याची नोंद सापडली तर माझ्या मते तिथली टीम जागी होती. हे करायला पाच-सहा माणसं लागतात आणि नळ्या सांभाळताना सगळ्यांना घाम फुटतो.

उंचीचा रकाना कोरा असेल आणि टायडल व्हॉल्यूम पाचशेच्या वर असेल, तर मात्र तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा.