रिकाम्या खोल्या आणि आंब्याची पेटी

“मॅडम, बुकिंगच बंद झालंय.”

मी समुपदेशन करते. गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच ते माझ्या कानात वाजायला लागतं. दापोली, गुहागर, श्रीवर्धन, मालवण. पर्यटकांना द्यायच्या कुणाच्या दोन खोल्या, कुणाच्या आठ. कुणी मुंबईची नोकरी सोडून गावी आलेलं, कुणी वाडीतली जागा मोकळी करून कर्जावर बांधकाम केलेलं. दोन-तीन हंगाम चांगले जातात आणि मग एक दिवस लक्षात येतं, फोन वाजायचा थांबलाय. बुकिंग वाढवून द्या म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. झोप उडालेली असते म्हणून येतात, नाहीतर घरात शब्दाने शब्द वाढायला लागलेला असतो म्हणून.

त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकिगत. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आपण त्यांना दादा म्हणू.

दादा दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. वय सत्तेचाळीस. ठाण्यातल्या कारखान्यातली नोकरी सोडून २०१७ साली गावी आले. जुन्या घराच्या मागे चार खोल्या बांधल्या, महिन्याचा हप्ता साडेअठरा हजार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते चिपळूणला माझ्याकडे आले, ते ३१ डिसेंबरची रात्र मनात घेऊनच. त्या रात्री त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि शेजारच्या घरी गाड्या लावायला जागा नव्हती.

बसल्याबसल्या त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, पडदा वर करून. पाऊण तासात अकरा वेळा त्याच्याकडे पाहिलं. मी मोजत होते. रात्री उशाशी फोन. दोन वाजता जाग आली की बुकिंगचं अॅप उघडायचं आणि भाव कमी करायचा. २,८०० ची खोली अशी रात्रीत उतरत उतरत १,५०० वर आली होती. त्या भावाला मग सात पोरं आली, रात्रभर गाणी लावली, शेजारी भांडायला आले आणि जाताना त्याच पोरांनी पाचातला एक तारा देऊन पाणी गरम नव्हतं असं लिहिलं. तो मजकूर दादांना तोंडपाठ होता. मला त्यांनी तो न बघता म्हणून दाखवला.

पहिल्या भेटीत मी फार काही केलं नाही. झोप, जेवण, दारू, सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. “तसं नाही मॅडम, पण कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही,” म्हणाले. हा प्रश्न विचारायला घरचे कचरतात. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसता विचार येतो ही भीती चुकीची आहे, उलट विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते. तुमच्या घरात असं कुणी असेल आणि उत्तर ‘हो’ असं आलं, तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

जाताना एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी पाहुण्यांच्या नोंदीची वही घेऊन या.

लांबट, लाल पाठीची जाड वही. नाव, गाव, आधार क्रमांक, गाडीचा नंबर, आले-गेले, सगळं वहिनींच्या अक्षरात. “नोव्हेंबर तर पार गेला,” दादा म्हणाले. मी कागद पुढे सरकवला. एक खोली एक रात्र लागली की एक रेघ, अशा रेघा ओढायला सांगितल्या. नोव्हेंबर २०२४ : अठ्ठावीस रेघा. नोव्हेंबर २०२५ : नऊ. “बघितलंत?” ते म्हणाले. जिंकल्यासारखंच म्हणाले. वाईट बातमी खरी ठरली की घाबरलेल्या मनाला एक विचित्र समाधान मिळतं.

“दिवाळी कधी होती?” मी विचारलं.

२०२४ ला लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला. भाऊबीज उरकून लोक निघाले ते थेट नोव्हेंबरात. २०२५ ला तेच लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे सुट्टीची सगळी गर्दी ऑक्टोबरातच येऊन गेली. ऑक्टोबरच्या रेघा ओढल्या. २०२४ च्या तेरा, २०२५ च्या चोवीस. दोन महिने मिळून एक्केचाळीसवरून तेहतीस. कमीच झालं होतं, पण एक पंचमांशाने. दादा ‘पार गेला’ म्हणत होते ते पंचांगाने सरकवलेलं होतं.

पर्यटनावर पोट असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते : या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीही डोळे मिटून करू नका. दिवाळीशी दिवाळी लावा, मेच्या सुट्टीशी मेची सुट्टी. श्रावणात मासे खाणारा पाहुणा येत नाही, गणपतीत कोकणातला माणूस स्वतःच्याच घरी गर्दीत असतो, दहावी-बारावीच्या परीक्षा असल्या की फेब्रुवारी-मार्च सुना जातो. हे दादांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. भीतीने त्यांना ते विसरायला लावलं होतं.

मात्र डिसेंबर खरंच घसरला होता, चव्वेचाळीसवरून एकोणतीसवर. ते मी झाकलं नाही. ‘सकारात्मक विचार करा, सगळं ठीक होईल’ हे वाक्य मी माझ्या खोलीत कधी उच्चारत नाही. ठीक होईल की नाही ते मला माहीत नसतं, आणि समोरच्याला कळतं की मला माहीत नाही.

तिसऱ्या भेटीला वहिनी आल्या. त्यांनी आल्याआल्या जे सांगितलं ते दादांच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. “ह्यांना रिकामी खोली दिसते. मला तीन वर्षांनी कंबर टेकायला मिळाली, ते कुणी विचारलं नाही.” पहाटे साडेपाचला घावन्यांचं पीठ, दुपारी सोलकढी, रात्री अकराला शेवटचं ताट. बाईच्या अंगमेहनतीवर उभ्या राहिलेल्या या धंद्यात खोल्यांचा विचार होतो आणि बाईचा राहून जातो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

वहिनींनी आणखी एक गोष्ट आणली. त्यांच्या भाच्याने स्वतःच्या फोनवरून, पाहुणा होऊन, घर शोधून बघितलं. चारपैकी एक खोली बंद दिसत होती. गणपतीत नातेवाईक येणार म्हणून दादांनी ती अॅपवर बंद केली होती, उघडायची राहून गेली. दिवसातून पन्नास वेळा अॅप बघणाऱ्या माणसाला चार महिने हे दिसलं नव्हतं. ते फक्त एकच गोष्ट बघत होते : कुणी मला निवडलं का?

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, गेली बावीस वर्षं. तिचं सार सांगायचं तर, घटना आणि तिचा त्रास यांच्या मधे माणूस स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. ते शोधायचं. दादांचं वाक्य मला अजून सापडत नव्हतं. म्हणून विचारलं, “३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा काय झालं होतं?”

“काय राहिलं होतं? नारळी-पोफळी आडव्या. कौलं गेली. महिना-दीड महिना वीज नाही.”

“झोप लागत होती?”

ते थांबले. “लागायची. दमून पडायचो, लागायची.”

“तेव्हा वाडी गेली तरी झोप होती, आणि आता दोन खोल्या रिकाम्या आहेत तर नाही?”

“तेव्हा सगळ्यांचंच गेलं होतं ना, मॅडम.”

दार किलकिलं झालं होतं. ते पूर्ण उघडलं चौथ्या भेटीत, आणि त्याचं श्रेय मी मोहोराला देते. फेब्रुवारीचा मध्य होता. मी सहज विचारलं, यंदा मोहोर कसा आहे. दादांचा चेहराच बदलला. थंडी कशी लांबली, तुडतुडे कुठे पडले, पहिली पेटी कधी निघेल, दहा मिनिटं भरभरून बोलले. पेटी घेणारी सोळा-सतरा घरं ठरलेली आहेत, पुण्यात, साताऱ्यात. मार्चअखेर दादा स्वतः एकेकाला फोन लावतात.

“त्यातलं कुणी नाही म्हणतं का?”

“म्हणतात की. कुणाला साखर निघालेली असते, कुणाला भाव परवडत नाही.”

“मग?”

“मग काय? पुढच्या वर्षी परत फोन.”

“आणि खोल्यांवर येऊन गेलेल्या पाहुण्यांना? त्यांचेही नंबर वहीत आहेत.”

“ते नाही जमत.” एकदम आवाज उतरला. “लाचारी वाटते. या हो, या हो म्हणायचं.”

“पेटीच्या फोनात लाचारी नाही?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

या ठिकाणी गप्प राहणं शिकायला मला पुष्कळ वर्षं लागली. नवखी असताना मीच उत्तर देऊन टाकत असे आणि माझं उत्तर माझ्याजवळच राहत असे. खाली रस्त्यावर एसटी हॉर्न देत होती. दादा हाताच्या नखाकडे बघत होते.

“पेटीला नाही म्हणाले तर ते आंब्याला नाही म्हणतात,” ते सावकाश म्हणाले. “खोलीला नाही म्हणाले तर...”

मी थांबले.

“तर मला म्हणतात.”

आणि मग बाकीचं आपोआप आलं. नोकरी सोडताना थोरला भाऊ म्हणाला होता, चार पावसाळे काढशील आणि परत येशील. त्या दिवसापासून त्या चार खोल्यांवर दोन ओझी होती, एक बँकेच्या हप्त्याचं आणि दुसरं भावाला खोटं पाडण्याचं. पहिलं ओझं खोल्या पेलू शकतात. दुसरं कुठलीच खोली पेलू शकत नाही. प्रत्येक रिकामी रात्र भावाचं वाक्य खरं करत होती. रात्री दोनला उतरणारा भाव कुणा पाहुण्यासाठी उतरत नव्हता, ‘कुणीतरी हो म्हणा’ यासाठी उतरत होता. त्या दिवशी मी वहीत दादांचं वाक्य लिहून ठेवलं. शोधत होते ते हेच होतं.

आम्ही त्यांचं जुनं वाक्य कागदावर मांडलं : ‘खोल्या भरल्याच पाहिजेत, नाहीतर मी फुकट गेलो.’ त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं : ‘खोल्या भराव्यात असं मला फार वाटतं. त्यासाठी राबेन. नाही भरल्या तर ओढाताण होईल. मी तोच राहीन.’ हे लिहून झोप येत नाही, पण सकाळी उठून फोन करायला हात मोकळा होतो.

त्यानंतर जे ठरवलं ते इतरांच्याही कामाचं आहे म्हणून सांगते. भाव रात्री बदलायचा नाही. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, दोघांनी बसून ठरवायचा. त्याआधी एका रात्रीचा खरा खर्च काढायचा : चादरी धुणं, वीज, गॅस, अॅपचा वाटा, आणि वहिनींची मजुरीसुद्धा. त्याखाली खोली द्यायची नाही, रिकामी राहिली तरी चालेल. वाईट अभिप्रायाला दोन ओळींचं शांत उत्तर द्यायचं, बाजू मांडत बसायचं नाही. ते उत्तर त्या पोरांसाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या कुटुंबासाठी असतं. फोन दिवसातून दोनदा बघायचा, जेवताना बुकिंगचा विषय बंद. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आपलंच घर शोधायचं.

आणि बँकेत आधी जायचं. लोक नेमकं उलटं करतात, हप्ता चुकला की त्या रस्त्याने जायचं टाळतात. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज बुडीताच्या वर्गात जातं आणि मग व्यवस्थापकाच्याही हातात फारसं राहत नाही. त्याआधी वही घेऊन गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल निदान बोलता येतं. दादा गेले. वहीच्या रेघा तिथेही उपयोगी पडल्या.

सगळ्यांचं असंच जुळतं असं नाही. दापोली शहराजवळच्या एका ताईंच्या बाबतीत हिशेब मांडल्यावर दिसलं की पर्यटक पुरेसे येणारच नाहीत. जवळ कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी तिन्ही खोल्या विद्यार्थिनींना महिन्याच्या भाड्याने दिल्या. गावात लोक म्हणाले, धंदा बसला. ताई म्हणाल्या, मी झोपते आता. तोही निर्णय मी चांगलाच मानते.

जुन्या पाहुण्यांना पाच फोन करायचे, असा गृहपाठ मी दादांना दिला होता. बुकिंग मिळवायचं नाही, फक्त विचारायचं. मार्चमध्ये दोघं आले ते हिशेब घेऊन. पाचांपैकी दोघांनी नाही म्हटलं. एकाने उचलला नाही. एकाने गुढीपाडव्याच्या सुट्टीसाठी दोन खोल्या घेतल्या. पाचव्या होत्या सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, “अहो, दोन वर्षं तुमचा फोनच नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही बंद केलंत.” हे सांगताना दादांचा आवाज जरा चिरकला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

वहिनींचं लक्ष भलतीकडेच होतं. त्या भिंतीवरचं कालनिर्णय बघत होत्या.

“१७ मेपासून अधिक आहे यंदा,” त्या म्हणाल्या. “महिनाभर लग्नं नाहीत. लोक मोकळे. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं असतंच ना, मग समुद्रावर बोलवा म्हणावं. पुरणाचे धोंडे मी घालीन. पण बाई मदतीला लावायची, सांगून ठेवते.”

“लावू,” दादा म्हणाले आणि वही उघडली. ज्यांच्याकडे अलीकडे लग्न झालंय अशी घरं दोघं शोधायला लागले. ह्यांच्या मुलीचं झालं का? नाही, ती धाकटी, थोरलीचं झालं. साताऱ्याचे ते, पांढरी गाडी होती त्यांची. माझी पुढची वेळ झाली होती, बाहेर कुणीतरी बसलं होतं. मी दारापर्यंत जाऊन पाच मिनिटं थांबायची विनंती केली आणि परत येऊन बसले.